घरातील उंदीर : ओळखायच्या खुणा
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे, सातवीपर्यंत शिकलेली बाई. पण जे अंगावर बेतले ते चार शब्दांत सांगते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या मुलाला ताप भरला. पोटऱ्या ठणकत, डोळे लालभडक. डॉक्टरांनी विचारले, "घरात उंदीर आहेत का?" मी लाजून "नाही" म्हणाले. उंदीर म्हणजे बाईचा गलथानपणा, असेच लोक समजतात ना! तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी खरे सांगितले. तो लेप्टो निघाला. उंदराच्या मुतातले जंतू चिखलपाण्यात उतरतात आणि जखमेतून अंगात शिरतात. मुलगा अनवाणी वाडीतला पाट साफ करीत होता, टाचेला भेग होती. देवकृपेने तो वाचला. पण माझ्या खोट्यापायी दोन दिवस फुकट गेले.

खुणा तर घरात होत्याच. त्या अशा :

लेंड्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या असल्या तर लहान उंदीर, त्याहून मोठ्या तर मोठा. काळ्या, मऊ, चकाकणाऱ्या लेंड्या ताज्या. करड्या, चुरा होणाऱ्या जुन्या.

वाट. उंदीर भिंतीच्या कडेने रोज एकाच वाटेने जातो. त्याच्या अंगाच्या तेलकटपणाने भिंतीवर, वाशावर काळपट पट्टा उमटतो.

कुरतडणे. कणगीचे बूड, साबणाची वडी, विजेची वायर पाहा. वाडीत कोवळे नारळ भोक पडून गळत असतील, तर उंदीर माडावर आहे.

याशिवाय रात्री माळ्यावरची खुडबुड, मुताचा उग्र वास, चिंध्यांचे घरटे. शंका असल्यास निजताना भिंतीकडेला रांगोळीची पूड पसरा. सकाळी पावले दिसतील.

उंदीर एकाएकी मरून पडू लागले तर ती सर्वांत वाईट खूण. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. उंदीर मेला की त्याच्या पिसवा माणसाकडे वळतात. १९९४ साली बीड आणि सुरतेकडे पुन्हा प्लेगची धावपळ झाली. तेव्हा मेलेल्या उंदरांना हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा.

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवून, हातमोजे घालून पुसा. करंगळी जाईल एवढेही भोक तारेची जाळी घालून सिमेंटने बुजवा. धान्य झाकणाच्या डब्यात ठेवा, रात्री खरकटे ठेवू नका. पावसात वाडीत जाताना पायात गमबूट हवेत.

एकीने घर साफ केले तर उंदीर शेजारणीकडे जातो. म्हणून ही कामे आळीने मिळून करावीत. आणि डॉक्टरांनी विचारले, तर लाजू नका, खरे सांगा.

एवढे बोलून माझे भाषण पुरे करते.