घरच्या पिझ्झ्याचा हिशेब

पिझ्झा हा पदार्थ आतां आपल्या घरांना परका राहिलेला नाहीं. नातवंडें सुटींत आलीं कीं पहिली मागणी त्याचीच होते. आणि वडील माणसेंहि, वरवर नाकें मुरडीत कां होईना, एखादा त्रिकोणी तुकडा उचलतातच. तरीसुद्धां मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांना अंकगणित शिकविलेल्या माझ्यासारख्या सेवानिवृत्त मास्तरानें या विषयावर बोलावें, याचें श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु या पदार्थाशीं माझा संबंध आला तो जिभेमुळें नव्हे, एका हिशेबामुळें.

माझ्या पत्नीला कांहीं वर्षांपूर्वीं मधुमेह जडला. वजन उतरवा आणि एकंदर खाणें आटोक्यांत ठेवा, असा डॉक्टरांचा सल्ला पडला. गेल्या दिवाळीच्या सुटींत मुलगी व नातवंडें आलीं असतां तिनेंच सर्वांसाठीं पिझ्झा भाजला, सर्वांना वाढला, आणि आपण भाकरी घेऊन स्वयंपाकघरांत बसली. धाकटा नातू आंत जाऊन म्हणाला, “आजी, तूं आमच्यांत कां नाहीं बसत?” “मला तें चालत नाहीं रे,” असें सांगून तिनें त्याला बाहेर पाठविलें. तो प्रसंग लहानच. पण मला तो लागला. ती आमच्या पंक्तीला बसूं शकेल असा पिझ्झा घरीं करतां येतो कीं नाहीं, हें पाहावयाचें मीं ठरविलें.

मास्तर मनुष्य प्रथम पाटी घेतो. अन्नापासून शरीराला जी उष्णता व शक्ति मिळते, तिचें माप म्हणजे उष्मांक. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारें 4, एक ग्रॅम प्रथिनापासूनहि सुमारें 4, आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारें 9 उष्मांक मिळतात. ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांवर हे आंकडे आधारलेले आहेत. पाण्याचे उष्मांक शून्य. एवढें भांडवल आणि स्वयंपाकघरांत ठेवण्याजोगा एक लहानसा वजनकाटा घेऊन मी कामाला लागलों.

आमच्या घरीं होत असे त्या पिझ्झ्याचें सामान आधीं तोलून पाहिलें. 25 सेंटिमीटर व्यासाच्या एका पिझ्झ्याच्या खालच्या पोळीला, म्हणजे मुलें जिला ‘बेस’ म्हणतात तिला, 150 ग्रॅम मैदा लागत होता. त्याचे सुमारें 525 उष्मांक. मळतांना व थापतांना मिळून दोन मोठे चमचे तेल. त्याचे सुमारें 250. वर 150 ग्रॅम चीज. त्याचे 430 च्या आसपास. बेरीज 1,200 च्या घरांत गेली. पैकीं खालच्या पोळीचा वांटा निम्म्याहून अधिक, हें पाहून मी चकित झालों. कारण आम्ही सगळा दोष चीजलाच देत होतों.

मग मूळ पदार्थ कसा असतो, तें शोधलें. पिझ्झ्याचें माहेर इटलींतील नेपल्स शहर. तेथील पिझ्झा घडविण्याच्या कलेची नोंद युनेस्कोनें 2017 सालीं मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशांत केली आहे. त्यापूर्वीं 2010 सालीं युरोपीय संघानें या पिझ्झ्याची कृति नियमांत बांधून दिली. त्या कृतींत कणकेसाठीं मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच जिन्नस आहेत. कणकेंत तेल नाहीं, लोणी नाहीं, साखर नाहीं. मधल्या भागाची जाडी सुमारें 4 मिलिमीटर सांगितली आहे. तेव्हां जाडजूड, तेलकट पोळी म्हणजेच खरा पिझ्झा, ही आपली समजूत निराधार ठरते.

येथें माझी एक चूक सांगितली पाहिजे. मैदा वाईट, ज्वारी चांगली, एवढ्या ज्ञानावर मीं एके दिवशीं जाड भाकरीवर पिझ्झा रचला आणि पत्नीला मोठ्या ऐटीनें सांगितलें कीं, हा हलका आहे. रात्रीं हिशेब केला तों मैदा, कणीक, ज्वारी, बाजरी या सर्वांचे 100 ग्रॅमला उष्मांक थोड्याफार फरकानें साडेतीनशेंच्या जवळपासच! ज्वारींत व सबंध गव्हाच्या कणकेंत तंतुमय भाग अधिक, त्यानें पोट भरल्यासारखें वाटतें, हा गुण खरा. पण उष्मांक कमी होतात ते पिठाची जात बदलल्यानें नव्हे, पिठाचें वजन घटविल्यानें. या एका वाक्यावर पुढील सर्व कृति उभ्या आहेत.

पहिली कृति पातळ गव्हाच्या पोळीची. 30 ग्रॅम कणीक, 30 ग्रॅम मैदा, चिमूटभर यीस्ट, चिमूटभर मीठ आणि सुमारें 40 मिलिलिटर पाणी. सैलसर मळून, झांकून, रात्रभर शीतकपाटांत ठेवावें. या विश्रांतीनें गोळा ताणतो, आणि तेलावांचून पातळ लाटतां येतो. दुसऱ्या दिवशीं बाहेर काढून तासभर ठेवावा, आणि 25 सेंटिमीटरची पोळी लाटून कांट्यानें टोंचे मारावे, म्हणजे ती फुगत नाहीं. नेपल्सच्या भट्टीची आंच 485 अंशांच्या आसपास असते. आपल्या घरगुती ओव्हनची बहुधा 250 अंशांवर संपते. म्हणून पोळी आधीं तापलेल्या लोखंडी तव्यावर एका बाजूनें भाजून घ्यावी, ती बाजू वर करून तिच्यावर टोमॅटोचा आटवलेला रस व चीज पसरावें, आणि मग ओव्हनमध्यें ठेवावी किंवा तव्यावरच झांकण घालून मंद आंचेवर चीज वितळूं द्यावें. पोळीचे उष्मांक सुमारें 210. चीज 40 ग्रॅम, तेल एक लहान चमचा आणि भाज्या धरून सबंध पिझ्झा 400 च्या आसपास बसतो. म्हणजे पूर्वीच्या एक तृतीयांश.

दुसरी कृति फुलकोबीची, जिला बाजारांत आपण नुसतें फ्लॉवर म्हणतों. 100 ग्रॅम फुलकोबींत अवघे 25 उष्मांक असतात. 300 ग्रॅम गड्डा किसून वाफवावा, निवूं द्यावा, आणि स्वच्छ फडक्यांत बांधून पिळावा. पिळण्यांत कसूर करूं नये. पहिल्या खेपेस मीं हात राखून पिळलें आणि ताटांत पोळीऐवजीं उपमा आला. पिळलेल्या किसांत 20 ग्रॅम बेसन किंवा एक अंडें घालून, कागदावर पातळ थापून, काहीं न घालतां दोन्ही बाजूंनीं ओव्हनमध्यें कोरडें होईपर्यंत भाजावें, आणि मगच वरचें सामान घालावें. ही पोळी सुमारें 150 उष्मांकांची होते. मात्र एक सावधगिरी: पुष्कळ लोक ती बांधून येण्यासाठीं त्यांत 100 ग्रॅम चीज मिसळतात. त्या चीजचेच 280 ते 300 उष्मांक होतात, आणि भाजीची म्हणून केलेली पोळी गव्हाच्या पातळ पोळीच्या जवळजवळ दुप्पट जड होऊन बसते.

तिसरी कृति आपल्याच घरची. 50 ग्रॅम मुगाची डाळ भिजवून, वाटून, आलें-मिरची घालून तव्यावर धिरडें घालावें. उष्मांक सुमारें 175. परंतु त्यांत 12 ग्रॅम प्रथिनें मिळतात, म्हणून भूक लवकर लागत नाहीं. इटलींतहि जेनोवाच्या बाजूला हरभऱ्याच्या पिठाचें असेंच एक धिरडें भाजतात. त्याला फारिनाता म्हणतात. तेव्हां धिरड्यावर टोमॅटो आणि चीज पाहून कोणी हंसूं नये. लहान मुलांना गंमत म्हणून भरताच्या वांग्याच्या बोटभर जाड चकत्या मीठ लावून, पुसून, तव्यावर भाजाव्या आणि एकेका चकतीवर एकेक छोटा पिझ्झा मांडावा.

मधुमेहाच्या रुग्णांसाठीं एक गोष्ट स्पष्ट सांगतों. उष्मांक कमी झाले म्हणजे रक्तांतील साखरेची चिंता मिटली, असें नव्हे. पीठ तें पीठच. इन्शुलिन किंवा इतर औषधें चालू असतील त्यांनीं जेवणांतील असा बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा. आम्हींहि विचारूनच केला; आणि अर्धा पिझ्झा, सोबत वाटीभर काकडीची कोशिंबीर, असें प्रमाण ठरवून घेतलें.

उन्हाळ्याच्या सुटींत नातवंडें पुन्हां आलीं. या खेपेस टेबलावर तिन्ही प्रकार मांडले होते, आणि पत्नी नातवाच्या शेजारीं बसली होती. तिनें प्रत्येकाचा एकेक घास नीट चावून पाहिला आणि निकाल दिला: “अहो, तो फ्लॉवरचा मला पुन्हां नको. धिरड्याला धिरडेंच म्हणा. गव्हाचा पातळ मात्र छान झाला आहे. पुढच्या खेपेला त्यांत मीठ मी घालीन.” नातवानें त्याच वेळीं तिच्या ताटांतील कुरकुरीत कांठ पळविला. तो हिशेबांत कोणाकडे धरावयाचा, हा प्रश्न मीं अद्याप सोडविलेला नाहीं.