माथेरानचं पहिलं घर

माथेरान म्हटलं की कुणाला घोडे आठवतात, कुणाला चिक्की, कुणाला झुकझुक गाडी. मला आठवतात ह्यू मॅलेट, तेव्हाचे ठाण्याचे कलेक्टर. माथेरानवरचा पहिला बंगला त्यांनी बांधला.

मे 1850. मॅलेटसाहेबांचा तळ पायथ्याच्या चौक गावी पडला होता. मे महिन्यातलं चौक ज्यांनी सोसलंय, त्यांना त्या उकाड्याबद्दल वेगळं सांगायला नको. वर पाहावं तर झाडांनी गच्च भरलेला माथा. साहेब निघाले. चढले वन ट्री हिलच्या घळीतून, उतरले रामबागेकडून. पुन्हा सांगतो, चढले एका वाटेनं, उतरले दुसऱ्या. माथा आरपार पाहूनच माणूस खाली आला. या एका गोष्टीपायी मी या विषयाच्या नादी लागलो. ती घळ मी चढलोय. पायाखाली सुटे धोंडे, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. वर पाऊल टेकलं की एकदम दाट सावली, लाल माती आणि गार वारा. इथं घर बांधावंसं का वाटलं असेल, ते मला तिथं उभं राहून कळलं.

नोव्हेंबरात साहेब परत आले आणि वर्षभरात घर उभं राहिलं. नाव ‘द बाइक’. आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी मुंबई-ठाणे धावली ती 1853 साली, म्हणजे हे घर त्या गाडीच्याही आधीचं! चुना, लाकूड, भांडीकुंडी, सगळं माणसांच्या डोक्यावरून नाहीतर जनावरांच्या पाठीवरून वर गेलं असणार. त्या रानात ठाकूर, कातकरी, धनगर आधीपासून वावरत होते. म्हणून ‘मॅलेटनी माथेरान शोधलं’ हे मला पटत नाही. पहिला बंगला त्यांचा, डोंगर या मंडळींचा.

पुढं गव्हर्नर एल्फिन्स्टन आले, बंगले वाढले, 1907 मध्ये पीरभॉय कुटुंबानं छोटी रेल्वे आणली. ते बहुतेकांना ठाऊक आहे.

पण ते जुने बंगले, जांभ्या दगडाच्या भिंती, रुंद व्हरांडे, आता एकेक करून ढासळताहेत. लाल मातीच्या रस्त्यांवरही पेव्हर ब्लॉक आलेत. चालायला सोय होते, हे खरं. पण माथेरानची ओळख त्या मातीत आहे. तुमच्यापैकी कुणाचा तिथं जुना बंगला असेल, तर एवढंच मागणं आहे: दुरुस्ती करा, पण व्हरांडा पाडू नका.