भिंतीच्या पोटात काय आहे?



आपण घर पाहावयास जातो तेव्हा भिंतीला ओल आहे का, खिडकीतून वारा येतो का, हे विचारतो. ही भिंत जळेल का, असे मात्र कोणी विचारीत नाही. भिंत म्हणजे दगड, वीट किंवा काँक्रीट. ती कशाला जळेल, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती महागात पडते, ते लंडनमधील ग्रेनफेल टॉवरने दाखविले.

१९७४ साली पुरी झालेली ही चोवीस मजली काँक्रीटची इमारत. २०१६ साली संपलेल्या दुरुस्तीत तिला बाहेरून नवे कवच चढविले गेले. घरात ऊब टिकावी म्हणून आत फेसाळ प्लास्टिकच्या लाद्या, मग थोडी मोकळी फट आणि त्यावर चकचकीत पत्रे. पत्रे दिसावयास अॅल्युमिनियमचे. परंतु अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये पॉलिएथिलीन होते. आपण ज्याच्या पिशव्या वापरतो, तोच पदार्थ!

१४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात, फ्रिजपाशी आग लागली. १२ वाजून ५४ मिनिटांनी अग्निशामक दलाला पहिला दूरध्वनी गेला. जवान त्या स्वयंपाकघरात शिरले, तोवर आग खिडकीच्या कडेने बाहेरच्या कवचात गेली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते इथे अक्षरशः घडले. कवचातील ती फट धुराड्याचे काम करू लागली. १ वाजून २७ मिनिटांनी ज्वाळा माथ्याशी पोचल्या. रहिवाशांना मात्र ‘घरातच थांबा’ असाच सल्ला मिळत राहिला. कारण एका घरातली आग दुसऱ्या घरात जाणार नाही, हे गृहीत धरलेले होते. तो सल्ला २ वाजून ४७ मिनिटांनी मागे घेण्यात आला. बहात्तर माणसे प्राणांस मुकली.

मग प्रश्न आला तो इतर इमारतींचा. त्यांच्या भिंतींत काय आहे? डिसेंबर २०१९ मध्ये इंग्लंडात मूल्यमापन करणाऱ्यांच्या आणि कर्ज देणाऱ्यांच्या संस्थांनी मिळून एक नमुना काढला. त्याला ‘ईडब्ल्यूएस-१’ म्हणतात. भिंतीत सहज पेट घेणारे काही नसेल तर ‘ए’. असेल तर ‘बी’. ‘बी’मध्येही, धोका अल्प असेल तर ‘बी-१’ आणि दुरुस्ती आवश्यक असेल तर ‘बी-२’. हेतू चांगला होता. परंतु तपासणारे तज्ज्ञ थोडे आणि इमारती फार. हा कागद नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, अशा अवस्थेत हजारो कुटुंबे स्वतःच्याच घरात अडकून पडली.

मित्रहो, येथे एक भेद ध्यानात घ्यावा. घरावर कर्ज द्यावे काय, हा एक प्रश्न. आग लागली तर आतली माणसे सुखरूप बाहेर पडतील काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला पुरत नाही. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये ‘पीएएस ९९८०’ ही तपासणीची पद्धती प्रसिद्ध झाली. तीत केवळ पत्रा पाहावयाचा नसतो. पत्रा, लाद्या, फट, त्या फटीत मजल्यागणिक आग अडविणारे आडोसे, खिडक्यांच्या कडा, लाकडी सज्जे, आणि त्याबरोबरच इमारतीची उंची, जिने किती, धोक्याची घंटा आहे की नाही, या सर्वांचा एकत्र विचार करून धोका कमी, मध्यम की अधिक, हे ठरवावयाचे असते. ग्रेनफेलला जिना एकच होता.

आणि नकाशावर विसंबून चालत नाही. नकाशात आडोसा असतो, भिंतीत नसतो. किंवा असतो, पण उलटा बसविलेला. म्हणून ठिकठिकाणी पत्रा उचकटून आत डोकवावे लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल सादर करताना अध्यक्ष सर मार्टिन मूर-बिक यांनी सांगितले की हे सर्व मृत्यू टाळता आले असते. काही उत्पादकांनी चाचण्यांच्या बाबतीत बाजाराची जाणूनबुजून दिशाभूल केली, असेही त्या अहवालात आहे. कागदच खोटा असेल, तर भिंत उघडल्यावाचून सत्य कळावे कसे?

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या शहरांतील दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या दर्शनी भागांवर ‘एसीपी’चे पत्रे आज सर्रास दिसतात. सगळेच पत्रे वाईट नसतात. काहींचा गाभा सहजी न जळणाऱ्या खनिजाचा असतो. पण बाहेरून दोन्ही सारखेच चकाकतात. उद्या आपल्या सोसायटीच्या सभेत इमारतीला नवे रूप देण्याचा ठराव आला, तर रंग कोणता आणि खर्च किती, एवढेच विचारून उठू नका. पत्र्याच्या पोटात काय आहे, मागच्या फटीत आगीला आडोसा आहे काय, आणि तो बसविलेला कोणी डोळ्यांनी पाहिला, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत ठरावाला हात वर करू नका.