शेततळ्याला आधी दोर, मग पाणी

आज बचत, कर्ज, हप्ते यांवर काही बोलणार नाही. आज आपल्या शेततळ्याबद्दल बोलायचंय.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाची बैठक एका ताईंच्या मळ्यात होती. शेततळं वीसेक पावलांवर. आम्ही ११ जणी पैसे मोजत होतो, मुलं चेंडू खेळत होती. चेंडू तळ्यात गेला आणि त्याच्यामागे माझा ७ वर्षांचा मुलगा. ओरडणं नाही, काही नाही. बुडणाऱ्या मुलाला श्वास घ्यायला सवड नसते, ते हाक कुठून मारणार? एका वहिनींनी सहज मान वर केली, म्हणून दिसलं.

ताईंचे यजमान उडी मारायला धावले. त्यांच्या आईंनी हात धरला. "कागदावरनं तूही वर यायचा नाहीस," म्हणाल्या, आणि वाळत घातलेलं नऊवारी लुगडं पाण्यात फेकलं. पोरानं टोक धरलं, आम्ही सगळ्यांनी ओढलं.

मैत्रिणींनो, विहिरीला पायऱ्या असतात, नदीला उतार असतो. शेततळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरतं, तिथे पाय ठरत नाही. पोहता येणारा मोठा माणूससुद्धा काठाशी येऊन परत घसरतो. म्हणून आमच्या गटानं ठरवलं, ज्या घरी शेततळं, त्या घरी तीन गोष्टी हव्यातच.

पहिली, चारही बाजूंनी कुंपण आणि कडी लागणारं फाटक. दुसरी, चारही काठांवर खुंट्याला पक्का बांधलेला, हातहातावर गाठी मारलेला जाड दोर, तळापर्यंत सोडलेला. सोबत हवा भरलेली टायरची ट्यूब. तिसरी, पाण्याजवळ मुलं असली की एका बाईनं फक्त मुलांकडे बघायचं. मोबाईल नाही, निवडणं-टिपणं नाही. आमच्या बैठकीत आता हे काम पाळीनं असतं.

कुणी बुडताना दिसलं तर उडी मारू नका. दोर, साडी, बांबू, जे हाती येईल ते पुढे करा आणि आरडाओरडा करा. बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल, तर त्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात. एकीनं १०८ ला फोन लावायचा. दुसरीनं आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाबून २ श्वास, असं मदत येईपर्यंत चालू ठेवायचं. हे नुसतं ऐकून जमत नाही; आरोग्य केंद्रात विचारून गटानं शिकून घ्या. आणि मूल शुद्धीवर असलं तरी दवाखान्यात न्याच. छातीत पाणी गेलं असेल तर त्रास नंतरही होतो.

माझा मुलगा आज शाळेत गेलाय. डबा भरताना रोज ते लुगडं आठवतं. तुमच्या तळ्याला दोर नसेल, तर आज संध्याकाळीच बांधा.