चरबीची गाठ, पण कुठली?



1894 मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. आजही सीमेपलीकडचे कानडी पेशंट मिरजेची वाट धरतात.

पाठीवरची, खांद्यावरची चरबीची गाठ आपण ओपीडीत बोटांनीच ओळखतो. ‘काही नाही, चरबीची आहे,’ हे आपले वाक्य बहुतेक वेळा खरेही ठरते. ही परिषद मात्र टाचेच्या हाडात, हृदयाच्या भिंतीत, मोठ्या आतड्यात सापडणाऱ्या लायपोमासाठी आहे. आतड्यातल्या गाठीमुळे कधी आतड्यात आतडे शिरते, रक्त पडते आणि घरचे कॅन्सरच्या धास्तीने खचतात. सीटीवर उणे 100 हाउन्सफील्डच्या आसपासची एकसारखी घनता दिसली, दुर्बिणीतून चिमट्याने दाबल्यावर गाठ उशीसारखी दबली, तर ती धास्ती तिथेच संपते.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती बाळाच्या कमरेवर, मध्यरेषेत जन्मतः असलेल्या मऊ गाठीची. ती आत मज्जारज्जूला चिकटलेली असू शकते. मूल वाढते तसा मज्जारज्जू ताणला जातो, पायातली ताकद आणि लघवीवरचा ताबा जाऊ शकतो. एमआरआय केल्याशिवाय अशा गाठीला सुरी लावू नये, हे प्रत्येक तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत पोचलेच पाहिजे.

चकवा दोन्ही बाजूंनी बसतो. तपकिरी चरबीची हायबरनोमा ही गाठ मेर्केल यांनी 1906 मध्ये वर्णिली. ती निरुपद्रवी, पण पेट स्कॅनवर कॅन्सरसारखी उजळते. उलट, मांडीत खोलवर किंवा पोटाच्या मागच्या भागात वाढलेली, जाड पडद्यांची चरबी साधी दिसली तरी लायपोसार्कोमा असू शकते. तिथे एमडीएम2 जनुकाची तपासणी निर्णायक ठरते.

म्हणून सर्जन मित्रांना कळकळीची विनंती आहे. पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर नुसते ‘गाठ’ लिहून नमुना पाठवू नका. जागा, खोली, आकार लिहा, स्कॅनचा रिपोर्ट जोडा. सूक्ष्मदर्शकाखाली चरबी दिसते, पण ती शरीरात कुठे होती हे काचेवर उमटत नाही.

दुपारच्या सत्रात प्रत्येक रुग्णाचे स्कॅन आणि स्लाइड शेजारी शेजारी दाखवू. निवासी डॉक्टरांनी आपले निदान आधी सांगावे, ज्येष्ठांनी नंतर बोलावे, असे आम्ही ठरवले आहे. चला, पहिल्या सत्राला सुरुवात करू या.