हृदयाच्या नोंदीचा खर्च : काय मिळते, काय नाही

(वडोदरा येथे मराठी भाषकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



 आजचा विषय आरोग्याचा आहे, तसाच तो हिशेबाचाही आहे.

शेतात काम करताना एखाद्यास अकस्मात भोवळ येते, छातीत धडधड होते आणि थोड्याच वेळात सारे पूर्ववत होते. दवाखान्यातील हृदयालेख निर्दोष निघतो. कारण तो काही सेकंदांचाच असतो आणि विकार त्या वेळी दडून बसलेला असतो. अशा वेळी डॉक्टर ‘होल्टर’ चाचणी सुचवितात. अंगावर बाळगलेल्या लहानशा यंत्रात चोवीस ते अठ्ठेचाळीस तास प्रत्येक ठोक्याची नोंद होते. नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकाचे आरंभीचे उपकरण पाठीवर वाहावे लागे व त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. आज दोन आठवडे छातीवर राहणारी पट्टीही निघाली आहे. मनगटी घड्याळातील नोंद मात्र केवळ इशारा समजावा. ते निदान नव्हे.

आता खर्चाविषयी. ‘आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना’ २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तीत पात्र कुटुंबास वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. गुजरातने जुलै २०२३ पासून ही मर्यादा दहा लाख केली. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील वृद्धांना उत्पन्नाची अट उरली नाही.

तथापि ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. बाह्यरुग्ण म्हणून केलेली चाचणी तीत बसत नाही. दाखल झाल्यास दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस व घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील तपासण्या व औषधेही धरली जातात. पैसे रुग्णाच्या हाती येत नाहीत. ते रुग्णालयास मिळतात. म्हणून बाहेर पैसे भरून पावती आणणाऱ्याच्या पदरी निराशा येते. पेसमेकर बसविण्याचा खर्च योजना उचलते, परंतु त्याची गरज दाखविणारी चाचणी रुग्ण दाखल नसेल तर स्वतःच्या खिशातून करावी लागते. ही उणीव मान्य केलीच पाहिजे.

तोवर आपण काय करावे? खासगी केंद्रात पैसे भरण्यापूर्वी सयाजीराव रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. योजनेतील रुग्णालयात प्रथम ‘आरोग्य मित्रा’स भेटावे, अथवा १४५५५ या क्रमांकावर विचारावे. खानदेशातून येथे कामास आलेल्यांनी आपले आयुष्मान कार्ड जवळ ठेवावे. ते येथील संलग्न रुग्णालयांतही चालते. शिक्षकबंधूंनी ही माहिती पालकांपर्यंत पोहोचवावी. आणि शुद्ध हरपली, तर कार्ड शोधत न बसता आधी १०८ ला दूरध्वनी करावा.

कागद मागाहून जमविता येतात. गेलेला माणूस परत येत नाही.