मोटारीतील एक झडप



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘मोटारीचा थर्मोस्टॅट’ असे सांगितले. त्यांना ती थट्टा वाटली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत सर्व काही बोलून झाले आहे. मग दोन इंच रुंदीच्या पितळी झडपेनेच काय पाप केले? आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते पत्रके छापताना, कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि गाडीच्या बॉनेटखाली. आज बॉनेटखालचे सांगतो.

आमच्या युनियनची गाडी म्हणजे जुनी पेट्रोलची अँबॅसडर. विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डची ही धाकटी बहीण. १९५७ पासून ती बंगालात उत्तरपाड्यास बनत होती; २०१४ साली तो कारखाना बंद पडला आणि कामगार घरी बसले. तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे. आमची गाडी मात्र चालत राहिली. नंदुरबारहून तळोदा आणि तेथून चांदसैलीचा घाट चढून धडगाव, हा तिचा नेहमीचा रस्ता. खाली तापीकाठी वैशाखाचे ऊन, आणि वर दुसऱ्या गियरमध्ये रडत चढायचे.

आता ही झडप करते काय? इंजिनाभोवती पाणी खेळते, ते तापले की रेडिएटरमध्ये जाऊन थंड होते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु इंजिन फार थंड राहणे हेही त्याच्या प्रकृतीला मानवत नाही. थंड इंजिन पेट्रोल जास्त पिते, तेलात पाणी आणि काजळी जमते, सिलिंडर लवकर झिजतात. म्हणून पाणी पुरेसे तापेपर्यंत त्याला रेडिएटरची वाट बंद ठेवावी लागते. ती वाट बंद ठेवणारा आणि वेळेवर उघडणारा द्वारपाल म्हणजे थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेणाची एक कुपी असते. मेण वितळले की फुगते, फुगले की दांडी रेटते, दांडीने झडप उघडते. गार झाले की स्प्रिंग तिला पुन्हा मिटवते. वीज नाही, तार नाही. आमच्या झडपेवर ८२ हा आकडा कोरलेला होता, म्हणजे तितक्या अंशांना ती उघडू लागावी.

आमच्या मिस्त्रीचे मत निराळे होते. “भाऊ, हा वॉल विलायतेच्या थंडीसाठी. आपल्याकडे याचे काय काम?” असे म्हणून त्याने तो काढून भंगारात टाकला. हे मत आपल्या मुलखात गावोगाव ऐकू येते, आणि त्यात निम्मे तथ्य आहे: अडकलेली झडप असण्यापेक्षा नसलेली बरी. पण तीन हिवाळे गाडी गरमच होईना. पहाटे निघालो की तळोदा येईपर्यंत काटा खालीच, आणि तेल काढले तर चिखल. शेवटी आम्ही हट्टाने नवी झडप बसवून घेतली. तिच्यावरचे ॲल्युमिनियमचे झाकण, ज्याला कारागीर हाउसिंग म्हणतात, ते बोअरच्या खारट पाण्याने खड्डे पडून कुरतडले होते. मिस्त्रीने त्यावर सोल्युशन थापले आणि नट आवळून टाकले.

गळती सुरूच होती; आम्हांला दिसली नाही एवढेच. तापलेल्या इंजिनावर थेंब पडला की तो तेथेच उडून जातो. मागे राहते ती पांढरी रेघ. ती रेघ आम्ही रोज पाहत होतो आणि धूळ समजत होतो.

मे महिन्यात धडगावला सभा होती. गाडी कुरकुरते म्हणून मिस्त्रीने आपला सोळा वर्षांचा पोऱ्या सोबत दिला. तळोद्यापुढे चढ लागला तसा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली. पाणी कमी झालेले, त्यात झडप अर्धवट उघडून अडकलेली. सभेची वेळ टळत होती. “लवकर बघ रे,” आम्ही म्हणालो. पोराने चिंधी घेतली आणि रेडिएटरचे झाकण फिरवले.

येथे थोडे शास्त्र सांगितलेच पाहिजे. रेडिएटरचे झाकण पाणी दाबाखाली धरून ठेवते. दर पौंड दाबामागे पाणी साधारण दीड अंश उशिरा उकळते, त्यामुळे बंद झाकणाखाली ते शंभराच्या वर जाऊनही शांत असते. झाकण सैल झाले की ते क्षणात उसळते. तसे ते उसळले. पोराचा उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबायला हवे होते. सभा तेवढी थांबली असती.

मिस्त्री म्हणाला, “पोराची चूक.” हे वाक्य आम्ही कारखान्यांच्या मॅनेजरांच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल! १९२३ सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात कामगाराचा नुसता निष्काळजीपणा मालकाला सोडवत नसे, हे आम्ही त्यांना कलमासकट ऐकवत आलो. या वेळी कलम तोंडावर आले आणि तेथेच अडकले. पोराला घाई कोणी केली होती? दावा लावला असता तर पहिला साक्षीदार आम्हीच, आणि उलटतपासणीत आमची धडगत नव्हती. गॅरेजात हजेरीबुक नव्हते, पोराचे नाव कोठेही नव्हते. आमच्याच गाडीखाली रोज झोपणारा हा कामगार आमच्या युनियनच्या यादीतही नव्हता. दवाखान्याचे बिल आणि सव्वीस दिवसांची मजुरी मिस्त्रीने व आम्ही निम्मी-निम्मी दिली. मिस्त्रीने कुरकुर केली. आम्हांला करण्यास तोंड नव्हते.

पोरगा बरा होईपर्यंत आम्ही जुन्या बाजारातून इंग्रजी मॅन्युअल आणले आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. पोरगा परत आला तेव्हा दोघांनी मिळून काम काढले. गाडी रात्रभर थंड होऊ दिली. खालची तोटी सोडून पाणी उतरवले. हाउसिंग तीन स्टडांवर बसते आणि गंजाने त्यांना घट्ट धरते. तेथे पेचकस घालून उचकटले की ॲल्युमिनियमचा तुकडा पडलाच म्हणून समजा. आम्ही दोन दिवस तेल सोडत राहिलो, लाकडी ठोकळ्याने हलके ठोकत राहिलो. तिसऱ्या दिवशी ते सुटले. खड्डे फार खोल नव्हते. जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून पोराने हाउसिंगचे तोंड सपाट घासले. हातावरची नवी कातडी ताणली जात होती, म्हणून मध्ये मध्ये थांबत होता. जुने पॅकिंग नखाने व बोथट पात्याने खरवडले, इंजिनाच्या तोंडात चिंधी कोंबून, म्हणजे कचरा आत जाऊ नये. नवे कागदी पॅकिंग घातले, सोल्युशन नावापुरते. मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला. नट एकदम न आवळता आळीपाळीने थोडेथोडे.

बोअरचे पाणी मात्र बंद केले. आता तयार कूलंट, शुद्ध पाण्यात मिसळलेले. ते गोडसर असते व विषारी असते, तेव्हा ज्यांच्या दारात लेकरे आणि कुत्री आहेत त्यांनी ते उघडे ठेवू नये.

नवी झडप बसवण्यापूर्वी तिची परीक्षा आम्ही युनियनच्या कचेरीत घेतली. चहाच्या पातेल्यात पाणी, दोऱ्याने टांगलेली झडप बुडाला न टेकणारी, शेजारी थर्मामीटर. दोन कार्यकर्ते चहा मिळेल म्हणून बसून राहिले. अठ्ठ्याहत्तर, ऐंशी, काही नाही. त्र्याऐंशीला पोरगा ओरडला, “दादा, उघडतोय!”

पुढच्या आठवड्यात धडगावला गेलो. वर पोहोचल्यावर बॉनेट उघडून पोराने पांढऱ्या फडक्याने हाउसिंगचा जोड पुसला आणि फडके आमच्यापुढे धरले. ते कोरडे होते. रेडिएटरच्या झाकणाला त्याने हात लावला नाही. तो सावलीत जाऊन बसला आणि आम्ही सभेला अर्धा तास उशिरा गेलो.